फिल्टर फेल्ड आणि कूलर

प्रिंटरच्या खोक्यावर लिनक्सचा पेंग्विन छापलाय, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालणार. कंपनीच्या ड्रायव्हरचं डेब पॅकेज उतरवलं, बसवलं, प्रिंटर यादीतही आला. पान सोडलं तर उत्तर: 'फिल्टर फेल्ड'. म्हणजे पानाचं प्रिंटरच्या भाषेत रूपांतर करणारा ड्रायव्हरमधला प्रोग्राम पडला.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे काका नातवाचं हॉल तिकीट काढायला हजर.

"काहून बाप्पा, निघून नाही राहिलं का?"

"ड्रायव्हरची भानगड आहे काका."

"ड्रायव्हर-फ्रायव्हर काही नाही. तो कूलर बंद कर आधी. ताटी ओली, हवा ओली, कागद दमट होऊन राहिले."

"पण कागद अजून आत गेलाच नाही!"

"जाईन कसा? त्याले मालूम हाय ना, आपण दमट हाओत म्हणून."

यावर काय बोलणार? कूलर बंद झाला. मे महिना, नागपूर, पारा 45 वर. काका मात्र खुर्ची ओढून निवांत.

कप्स म्हणजे लिनक्सवर छपाई सांभाळणारी यंत्रणा. तिच्या एरर-लॉगमध्ये म्हणे 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. फिल्टरची फाइल तर फोल्डरात डोळ्यांसमोर बसलेली! तिच्यावर फाइलचा प्रकार सांगणारी 'फाइल' कमांड चालवली तेव्हा उलगडलं: फिल्टर 32 बिटचा, सिस्टीम 64 बिटची. 32 बिटचा प्रोग्राम उठवणारा लोडरच नाही. गायब तो, बोंब मात्र फिल्टरच्या नावाने.

डेबियन-उबुंटूवर उपाय असा: पॅकेज बसवणाऱ्या डीपीकेजीला आय386, म्हणजे 32 बिटचं, आर्किटेक्चर जोडायला सांगा, 'ॲप्ट अपडेट' करा, मग 'लिबसी6:आय386' बसवा; तो लोडर त्यातच येतो. प्रिंटरची स्थिती दाखवणाऱ्या 'एलपीस्टॅट' कमांडमध्ये तो 'डिसेबल्ड' दिसला तर पुन्हा चालू करायला 'कप्सएनेबल' मारा. कागदाचा आकारही बघून घ्या. लेटर 279 मिलिमीटर लांब, ए4 297. सेटिंग लेटरवर राहिलं तर खालच्या ओळींचा भरवसा नाही.

पान निघालं. एक नाही, दोन एकमेकांना चिकटून. कागद खरंच दमट होते.

"पाय, म्या काय म्हनलो होतो?"

अख्ख्या बिल्डिंगीत आता प्रिंटर काकांनी दुरुस्त केलाय.

त्यांचं एक वेळ सोडा. कंपनीला तोच फिल्टर 64 बिटसाठी कंपाइल करून द्यायला काय धाड भरली होती? सोर्स कोड तर दाखवायचाच नाही. पेंग्विन मात्र रंगीत छापायचा. नवीन घेणार असाल तर 'आयपीपी एव्हरीव्हेअर' किंवा 'एअरप्रिंट' लिहिलेलाच घ्या; त्याला कंपनीचा ड्रायव्हर सहसा लागतच नाही.