होडी गावली काय?

"काय रे झिला, गावली काय तुजी होडी?"

हा प्रश्न मला काल सकाळी मासळीबाजारात विचारण्यात आला. मी बांगडे बघत होतो, आणि पाटीमागची बाई, जिच्याकडून आमच्या घरात आजीच्या वेळेपासून मासे येतात, ती एकदम मनापासून चौकशी करत होती, म्हणजे कोणाची म्हैस हरवल्यावर करतात तशी. त्याआधी किराणावाल्याने तेच विचारलं होतं. रिक्षावाल्याने विचारलंही नाही, नुसता हसून हॉर्न मारला. तीन दिवसांत सगळ्या वाडीला समजलंय की मुंबईहून वर्क फ्रॉम होम करायला आलेला हा इसम दिवसभर कॉम्प्युटरवर होडी शोधतो आणि कंपनी त्याला त्याचा पगार देते.

बातमी फोडणारा माणूस एकच. आमचे आप्पा.

आता प्रकरण थोडक्यात. माझा लॅपटॉप जुना, नवीन गेम त्याला झेपत नाहीत, म्हणून मी अजून २००५ सालचा सिव्हिलायझेशनचा चौथा भाग खेळतो. आपण एक चाल करायची, मग कॉम्प्युटर त्याच्या करतो, घाई कोणालाच नाही, देवगड तालुक्याला अगदी शोभणारा गेम. यात जिंकायचे मार्ग बरेच आहेत, अंतराळयान सोडा, संस्कृती वाढवा, मतं मिळवा, नाहीतर ठराविक टक्के जमीन आणि लोकसंख्या खिशात घाला. मी शनिवारी रात्री गेम सुरू करताना माज म्हणून हे सगळे बंद केले आणि एकच ठेवला, कॉन्क्वेस्ट, म्हणजे सगळ्या शत्रूंना लढून संपवायचं. वर आणखी एका चौकोनात टिक केली, तिचं नाव कम्प्लीट किल्स. म्हणजे शत्रूची सगळी शहरं घेतली तरी तो मेला असं धरायचं नाही, त्याचा शेवटचा शिपाई, शेवटचं जहाज बुडेपर्यंत तो जिवंत. ही टिक मीच केली, कोणी सांगितलं नव्हतं, हे लिहून ठेवतो म्हणजे नंतर कोणी काढायला नको.

तर गेममधले सगळे शत्रू राजे-राण्या संपले. माँटेझुमा गेला, इझाबेला गेली. उरला पोर्तुगाल. त्याचं शेवटचं शहर मी सोमवारी दुपारी ऑफिसच्या मीटिंगमध्ये (कॅमेरा बंद) घेतलं, आता बँडबाजा वाजणार म्हणून खुर्चीत सरसावून बसलो आणि काहीच झालं नाही. पोर्तुगालचं एक जहाज कुठेतरी समुद्रात होतं. कॅरॅक म्हणतात त्याला, त्यांचं खास जहाज, दुसऱ्या कोणाला मिळत नाही.

चाळीस टर्न. चाळीस टर्न मी विनाशिका घेऊन समुद्र विंचरला. सॅटेलाईटचा शोध लावला, त्याने जगाचा सगळा नकाशा उघडतो पण त्यावर चालणारी जहाजं काही दिसत नाहीत. म्हणजे पृथ्वी दिसते, पोर्तुगीज दिसत नाही.

इथे आप्पा आले.

आप्पा म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ, रिटायर्ड तलाठी. रोज पाचला येतात कारण आमच्याकडे इन्व्हर्टर आहे आणि ऑगस्टमध्ये आमच्याकडे लाईट ही पाहुण्यासारखी येते, चहा घेऊन जाते. मोबाईल चार्जिंगला लावायचा, झोपाळ्यावर बसायचं, अडकित्त्याने सुपारी कातरत पेपर वाचायचा असा त्यांचा कार्यक्रम. त्या दिवशी पेपर आला नव्हता, हे माझं दुर्दैव.

"काय करतस?"

"लढाई आहे आप्पा. पोर्तुगीजांशी."

अडकित्ता थांबला. "मगे? जिंकलंस?"

"जिंकलो. म्हणजे सगळी शहरं घेतली. पण गेम मानत नाही."

"कित्याक?"

"त्याचं एक जहाज उरलंय."

"खय आसा?"

"तेच तर शोधतोय."

आप्पांनी खुर्ची ओढली. चष्मा पुसला. मग त्यांनी जो चेहरा केला तो मी लहानपणी तलाठी सजात पाहिलेला होता, समोर दोन भाऊ भांडत उभे असताना ते असाच करायचे. "म्हणजे कब्जो तुजो, पण सातबाऱ्यावर त्याचा नाव आसा."

"तसंच काहीतरी."

"फेरफार घातलंस काय?"

"आप्पा, गेम आहे हा."

"गेम आसा म्हणान काय झाला? नोटीस काढूक होयी. पंधरा दिवस हरकतीक ठेवूचे लागतत. तो जहाजात आसा, त्याका नोटीस पोचली काय? नाय. मगे तुजी नोंद मंजूर होतली कशी?"

मी म्हटलं, नोटीस नाही, तोफ मारायची असते. ते म्हणाले, ता नंतर. मग त्यांनी सुपारी तोंडात टाकली आणि शांतपणे विचारलं, ह्याचे दुसरे भाग आसत काय? आहेत ना, सहावा भाग २०१६ चा, त्यात सोपं केलंय, सगळ्यांच्या मूळ राजधान्या तुमच्या ताब्यात आल्या की तुम्ही जिंकलात, बाकी गावं राहू देत.

"राजधानी घेतली की झाला?"

"झालं."

"मगे औरंगजेब जिंकलो म्हण."

मला आधी कळलंच नाही.

"१६८९ क रायगड घेतल्यान ना त्यान? राजधानी गेली. तुज्या सहाव्या भागात बँड वाजलो आसतो, औरंगजेब दिल्लीक जावन सुखान झोपलो आसतो. पण आमचो राजाराम जिंजीक गेलो. मगे जिंजी घेतल्यान, तरी संपला नाय. मेलो थय अहमदनगराक, १७०७ क. अठरा वर्सां होडी शोधी होतो तो." आणि माझ्याकडे बोट करून, "तुज्यासारखोच."

औरंगजेबाशी तुलना आजवर माझी कोणी केली नव्हती. बायकोसुद्धा करत नाही.

एकदा सुरू झाल्यावर आप्पा थांबत नाहीत. जंजिरा घे म्हणाले. महाराजांनी समोर पद्मदुर्ग बांधला, संभाजी महाराजांनी समुद्रात भराव घालायला घेतला, जंजिरा पडला नाही तो नाहीच, सिद्दीचं संस्थान १९४८ ला विलीन झालं, ते पण कागदावर. "आणि पोर्तुगीज? १९६१ पावत गोव्यात बसलेले. साडेचारशे वर्सां. आणि तुका सोमवारी दुपारी होये!" मग ते विजयदुर्गावर आले, आणि तिथे त्यांचा आवाज खरंच बदलतो. १७५६, इंग्रज समुद्रातून आणि पेशवे जमिनीवरून, तुळाजी आंग्र्यांचं सगळं आरमार जळालं. आपल्याच माणसांनी मदत केली हे आप्पा दर वेळेला असं सांगतात की जणू ते स्वतः बंदरात उभे होते आणि कोणीतरी त्यांचीच होडी पेटवली. विजयदुर्ग आमच्या मागच्या डोंगरावरून दिसतो. जिंकलेल्याने काय मिळवलं तिथे? आता पार्किंगला जागा नाही.

मला राग कशाचा आला ते सांगतो. आप्पा बरोबर बोलत होते याचा नाही. ते ज्या खुर्चीवर बसून बोलत होते तिच्या बाजूला टोपली ठेवलेली होती आणि तिच्यात कौलांतून पाणी टपकत होतं, टप, टप, दर वाक्याला. हे घर सामायिक आहे. सातबाऱ्यावर तेवीस नावं. वाटप करायचं तर सगळ्यांच्या सह्या पाहिजेत, वडिलांनी बारा वर्षांत बावीस मिळवल्या, एकीसाठी नागपूरला गेले, एक म्हातारी आत्या आजारी होती तर तिच्या उशाशी बसून घेतली. उरलेला तेविसावा चुलतभाऊ बोटीवर आहे. मर्चंट नेव्ही. सहा महिने कुठल्या समुद्रात असतो ते त्याच्या आईलाही माहीत नसतं, उतरला की फोन करतो, "येतो ना, गणपतीला येतो," आणि गणपतीत तो परत बोटीवर. तोपर्यंत कौलं बदलायची तर पैसे कोणी घालायचे, घर कोणाचं? आणि सगळ्यांच्या सह्यांशिवाय होणार नाही हे वडिलांना पहिल्यांदा सांगणारे तलाठी कोण, तर हेच, माझ्या इन्व्हर्टरवर मोबाईल लावून बसलेले. नियम आहे म्हणाले होते. असेल. ही टिक मात्र मी केली नव्हती.

असो. मंगळवारी संध्याकाळी कॅरॅक दिसलं. पार वर उत्तरेला, बर्फाच्या कडेला, एका खोबणीत लपून. मी ओरडलो. आप्पा झोपाळ्यावरून उठून आले, शेजारची दोन पोरं आली, कोणीतरी आईला पण हाक मारली. विनाशिका चार घरं लांब होती. मी कर्सर नेला आणि इन्व्हर्टरने एक लांब टूँ केलं आणि गेला. लॅपटॉपची बॅटरी दोन वर्षांपूर्वीच वारली आहे, तोही गेला. काळोखात एकच गोष्ट उजळलेली होती, आप्पांचा मोबाईल, शंभर टक्के.

"वाचलो रे," आप्पा म्हणाले. खूश होऊन म्हणाले, हे मी विसरणार नाही.

रात्री लाईट आल्यावर उघडलं तर तीन टर्न मागचा सेव्ह. परत उत्तरेला गेलो, बर्फाची सगळी कड घासून काढली, खोबणीत कोणी नाही. रात्री दोन वाजता मी स्वतःच्या गेममध्ये संपूर्ण पृथ्वीचा मालक होतो, विरोधक शून्य, आणि वर कोपऱ्यात लिहिलेलं, पुढची टर्न.

तर काल बाजारात त्या बाईने विचारल्यावर मला खरं सांगायचा कंटाळा आला. म्हटलं, हो, गावली.

तिने बांगडे मोजता मोजता हात थांबवला. आजूबाजूच्या दोघीपण बघायला लागल्या.

"मगे? आत काय होता?"

मी पिशवी पुढे केली.