पाटील नक्की कुणाचे? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचे आक्षेप दोन आहेत. पाटील हे मूळचं मराठ्यांचंच आडनाव, बाकीच्यांनी ते मागाहून लावून घेतलं आणि मी पाटील आडनावावरच्या माझ्या लेखात सगळ्यांना एकाच दावणीला बांधलं, हा पहिला. राज्यात पाटील किती याचा आकडा दिला नाही, हा दुसरा.

पहिला मला अजिबात पटत नाही. पाटीलकी हे गावाचं वतन, म्हणजे पिढीजात हक्काचं काम होतं. सारा वसूल करायचा, पडीक जमीन लागवडीखाली आणायची, तंट्यात गोतसभेत, म्हणजे गावच्या न्यायसभेत बसायचं, आणि वसुली तटली की सरकारपुढे आधी आपणच उभं राहायचं. त्याबदल्यात इनाम जमीन आणि मानपान. हे वतन बहुधा गावातल्या जुन्या, जमीनजुमला राखून असलेल्या घराकडे असे. म्हणून देशावर मराठा-कुणबी पाटील दिसतात, सांगली-कोल्हापूरकडे जैन आणि लिंगायतही, जळगावकडे लेवा, रायगड-ठाण्यात आगरी आणि कोळी. कर्मवीर भाऊराव पाटील जैन, वसंतदादा मराठा, दि. बा. पाटील आगरी, कर्नाटकचे मुख्यमंत्री झालेले वीरेंद्र पाटील लिंगायत. यांतल्या कुणी कुणाचं आडनाव उसनं घेतलं, सांगा बरं!

हा हुद्दा किती जुना? माळव्याच्या भोज राजाच्या 11व्या शतकातल्या ताम्रपटांत गावच्या लोकांना उद्देशून आज्ञा आहे, तिथे ‘पट्टकिल’ येतो. तोच आपला पाटील. पुढच्या कागदांत तो मोकदम म्हणूनही भेटतो. जुना महजर, म्हणजे गोतसभेचं निवाडापत्र, नीट पाहा: पाटलाच्या नावापाशी निशाणी नांगराची, कुलकर्ण्याच्या नावापाशी लेखणीची. निशाणी कामाची आहे, जातीची नव्हे. शिवाय ही पाटीलकी वाटली जायची, गहाण पडायची, विकलीही जायची. अर्ध्या पाटीलकीची खरेदीखतं आहेत. आणि मान केवढा, तर दिल्लीच्या राजकारणाची सूत्रं हाती असलेले महादजी शिंदे स्वतःला पाटील म्हणवण्यात भूषण मानत. पाटीलबावा हे नाव त्यांना चिकटलं ते यातूनच.

तुमच्या भावकीत काही घरं पाटील आणि काही जाधव लावतात, हे तुम्हीच लिहिलंय. त्यात गूढ काही नाही. जाधव हे कुळाचं आडनाव, पाटील हा हुद्दा. शाळेच्या दाखल्यावर ज्या घराने जे लिहिलं ते पुढे चाललं. कुणी दोन्ही ठेवली, जसे विखे पाटील. त्यामुळे दोन पाटील भेटले की त्यांचं मूळ एकच, असं धरून चालता येत नाही. सोयरीक जुळवताना लोक ‘मूळचे कोण?’ विचारतात ते उगाच नाही.

आकड्याचं थोडक्यात. जनगणनेत आडनावानुसार तक्ते प्रसिद्ध होत नाहीत. ‘राज्यात इतके टक्के पाटील’ असे जे संदेश फिरतात, त्यांना सरकारी आधार नाही, म्हणून ते मी घेतले नाहीत आणि घेणारही नाही.

मुलकी पाटलाचं, म्हणजे सारावसुली पाहणाऱ्या पाटलाचं पद 1962च्या कायद्याने गेलं. पोलीस पाटील मात्र 1967च्या ग्राम पोलीस कायद्याखाली आजही नेमला जातो, तोही वंशपरंपरेने नाही. गावोगावी महिला पोलीस पाटीलही काम करतात.

तुमच्या घरी पाटीलकीचा मोडी कागद आहे म्हणालात. त्याचा स्पष्ट फोटो पाठवा, खालची निशाण्यांची बाजू कापू नका. वाचून घेतो आणि तुमची परवानगी असेल तर लेखात जोडतो.