युरोपला चाललात? नेपल्सच्या खाली उतरा!

दिवाळीचा फराळ संपत आला की आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुढच्या मे महिन्याचे बेत सुरू होतात. यंदा मावसबहिणीने यादी टाकली: बार्सिलोना, नीस, रोम, अथेन्स, सँटोरिनी, इस्तंबूल. दिवस १४. खाली लिहिलंय, ‘दादा, तू त्या बाजूला जाऊन आलायस, जरा नजर टाक.’ नजर टाकली आणि फोन केला. तेव्हा जे बोललो ते इथे नीट लिहून ठेवतोय, कारण दरवर्षी कोणी ना कोणी हीच यादी घेऊन येतं, फक्त शहरांचा क्रम बदललेला असतो.

आधी हिशोब. सहा शहरं म्हणजे मधले पाच प्रवास. सकाळी हॉटेल सोडा, दोन तास आधी विमानतळ गाठा, उतरल्यावर बॅगांची वाट बघा, शहरात जाऊन खोली ताब्यात घेईपर्यंत चार वाजतात. असे पाच दिवस गेले. जाण्यायेण्याचे दोन धरा. राहिले सात. सात दिवसांत सहा शहरं, तीही अडीच-अडीच हजार वर्षांची, आणि बरोबर गुडघे दुखणारी मावशी. इस्तंबूल शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांत, येत नाही, ते वेगळंच. यादीत शेवटी आहे म्हणून बरं, मध्ये घातलं असतं तर परत आत शिरायला मल्टिपल एंट्रीचा व्हिसा लागला असता.

बहीण म्हणाली, ‘अरे पण एवढा खर्च करून जायचं, तर सगळं बघून यायला नको का?’ हेच तर आपलं दुखणं आहे. चारधाम उरकल्यासारखा युरोप उरकायचा. सकाळी साडेसहाला बसमध्ये, दुपारी फोटो, रात्री पनीर बटर मसाला, आणि घरी आल्यावर कोणता फोटो कुठला हे मुलांना विचारायचं.

माझं मत सरळ आहे. दोन आठवडे हातात असतील आणि भूमध्य समुद्राकाठची जुनी शहरं बघायची हौस असेल, तर दक्षिण इटलीतलं नेपल्स, आणि सिसिली बेटावरची पालेर्मो आणि सिराक्यूज. तीनच. पाच रात्री नेपल्स, एक रात्र बोटीवर, चार पालेर्मो, तीन सिराक्यूज. येताना सिराक्यूजजवळच्या कतानियाहून विमान. तिकीट काढताना ‘मल्टी-सिटी’ निवडायचं, म्हणजे जिथे उतरलो तिथेच परत यायची सक्ती राहत नाही. ग्रीक, रोमन, अरब, नॉर्मन, स्पॅनिश सगळे या पट्ट्यात येऊन गेले आणि प्रत्येक जण काहीतरी बांधून गेला. अथेन्स आणि इस्तंबूलला जे शोधायला जाताय, त्यातलं पुष्कळसं इथे एकावर एक रचलेलं सापडतं.

वेळ मात्र मे महिन्याचीच धरा. राज्यातल्या शाळांना जूनच्या मध्यापर्यंत सुट्टी असते. युरोपातल्या शाळा मे महिन्यात चालू असतात, म्हणजे तिथली कुटुंबं अजून घरीच. ही केवढी सोय आहे याची आपल्याला कल्पना नसते. इटलीची माणसं समुद्राकडे धावतात ती ऑगस्टमध्ये. १५ ऑगस्टला त्यांचा फेरागोस्तो हा सुट्टीचा सण असतो, त्याच्या मागेपुढे शहरातल्या घरगुती खाणावळी बंद आणि किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नाही. ऊन तर विचारू नका. ११ ऑगस्ट २०२१ रोजी सिराक्यूजजवळ ४८.८ अंश सेल्सिअस नोंदलं गेलं. जागतिक हवामान संघटनेने तपासून शिक्कामोर्तब केलेला हा युरोपातला उच्चांक आहे. अथेन्सला गेल्या काही उन्हाळ्यांत अ‍ॅक्रोपोलिस भर दुपारी बंद ठेवायची वेळ आली. यावर आमचे नागपूरचे काका म्हणतात, ‘पंचेचाळीस तर आम्ही दरवर्षीच पाहतो.’ अहो काका, पण दुपारी दीडला तुम्ही सीताबर्डीत चार तास पायी हिंडता का? पाँपेईत, म्हणजे नेपल्सजवळच्या ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या रोमन शहरात, तेच करावं लागतं. सावली नावाला, पायाखाली तापलेला लाव्हाचा काळा दगड, आणि तोही उंचसखल. मे महिन्यात पारा पंचविशीच्या आसपास असतो आणि आठ वाजेपर्यंत उजेड. तरीही दुपारी दोन ते पाच खोलीवर येऊन झोपाच. तिथली दुकानंसुद्धा त्या वेळी शटर ओढतात. पुणेकरांना हे वेगळं सांगायला नको.

नेपल्सला लोक नाकं मुरडतात. घाण आहे, चोर आहेत, स्कूटरवाले अंगावर येतात. आहेच की. पण ज्याने मंडईत आणि दादरच्या पुलावर दिवस काढलेत, त्याला नेपल्स दोन तासांत कळतं. सॅक पोटाशी धरायची, मोबाईल मागच्या खिशात ठेवायचा नाही, रस्ता ओलांडताना थांबायचं नाही. झालं.

तिथे आधी पुराणवस्तू संग्रहालय बघा आणि मग पाँपेई. बहुतेक जण उलटं करतात. पाँपेईतली चांगली भित्तिचित्रं, मोझेक, भांडीकुंडी काढून कधीच या संग्रहालयात आणलेली आहेत, त्यामुळे आधी इथे बघितलं तर तिथल्या उघड्या भिंतींपाशी काय होतं ते डोळ्यांसमोर उभं राहतं. मंगळवारी संग्रहालय बंद असतं, हे लक्षात ठेवा. एक वस्तू चुकवू नका: इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेत कोळसा झालेला पाव. गोल आहे, वरून आठ फोडींसाठी खाचा पाडलेल्या आहेत आणि कडेला ठसा आहे. केलेर नावाच्या माणसाचा तो ठसा, क्विंटस ग्रानियस वेरस याचा गुलाम. पाव कोणाचा ते भट्टीत ओळखू यावं म्हणून ठसे मारत असावेत. सम्राटांचे पुतळे मी विसरलो, केलेर विसरलो नाही.

आणि मग आपली बाई. मी मूळचा धाराशिवचा. शाळेची सहल तेरला जायची. गोरोबाकाकांच्या समाधीचं दर्शन, डबा खायचा आणि मग लामतुरे संग्रहालय. तिथे एक छोटी हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. मास्तर म्हणायचे, हिची बहीण इटलीत आहे. आम्हाला वाटायचं, थापा. ती खरोखरच आहे. १९३८ मध्ये पाँपेईच्या एका घरात सापडलेली, वीतभराहून थोडी मोठी, हस्तिदंती, गळ्यात, हातांत, पायांत ठसठशीत दागिने, दोन्ही बाजूंना छोट्या दासी. ‘पाँपेईची लक्ष्मी’ म्हणून ती ओळखली जाते. लक्ष्मी की यक्षी, यावर अभ्यासकांचा वाद अजून चालू आहे. जालन्याच्या भोकरदनलाही याच घडणीची मूर्ती उत्खननात मिळाली, त्यामुळे पाँपेईची मूर्तीही आपल्या भागातूनच गेली असावी असं काही जण मानतात. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात तगर, म्हणजे आपलं तेर, आणि पैठण इथून माल भडोच बंदरात जातो अशी नोंद आहे. तेव्हा नेपल्सला गेलात तर तिला भेटून या. फक्त सांगून ठेवतो, तिला ठेवलंय ‘सीक्रेट कॅबिनेट’ नावाच्या दालनात, म्हणजे पाँपेईतली झाडून सगळी कामशिल्पं जिथे आहेत तिथे. शाळकरी मुलं बरोबर असतील तर आधी आईबापांपैकी एकाने आत जाऊन अंदाज घ्यावा.

पाँपेईचं तिकीट घरूनच काढा. नोव्हेंबर २०२४ पासून तिथे दिवसाला २०,००० माणसांची मर्यादा आहे आणि तिकिटावर नाव असतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं फुकट असतात, म्हणून त्या दिवशी जाऊच नका. घरात वयस्कर माणसं असतील तर पाँपेई सोडून त्याच वेळी गाडलं गेलेलं हर्क्युलेनियम बघितलं तरी चालेल, किंबहुना मी तेच सांगेन. लहान आहे, दोन-तीन तासांत निवांत होतं. पाँपेईवर राख आणि दगडांचा पाऊस पडला, इथे मात्र तापलेल्या राखेचे लोट येऊन सगळं गाडून गेले. त्यामुळे लाकूड जळून न जाता कोळसा होऊन टिकलं. घरातली सरकती लाकडी पार्टिशन, पलंग, माडीच्या तुळया जागेवर आहेत. खाली बोटी ठेवायच्या कमानींमध्ये सुमारे ३०० सांगाडे सापडले, समुद्रावाटे सुटका होईल म्हणून थांबलेल्या माणसांचे. तिथे आमच्या मागे एका कॉलेजची मुलं गोंगाट करत होती, कमानींपाशी आल्यावर आपोआप गप्प झाली. या दोन्ही ठिकाणी जाणारी लोकल सर्कमव्हेसुव्हियाना. गर्दी, उकाडा, उशीर, सगळं ओळखीचं.

नेपल्सहून पालेर्मोला विमानाने जाऊ नका. संध्याकाळी बोटीत बसायचं, केबिन घ्यायची, सकाळी पालेर्मो. एका रात्रीचं हॉटेल वाचतं ते वेगळंच. आगगाडीचं वेड असेल तर दुसरा मार्ग आहे. सिसिलीला जाणारी रेल्वे इटलीच्या टोकाला पोचली की डबे सुटे करून आख्खे जहाजाच्या पोटात ढकलतात, जहाज मेसिनाची सामुद्रधुनी ओलांडतं आणि पलीकडे गाडी पुन्हा जोडतात. समुद्र जेमतेम तीन किलोमीटर, पण डबे जोडतोडण्यात चांगला वेळ जातो. पूल बांधायच्या गप्पा तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालू आहेत. पूल झाला की ही गंमत जाईल, तेव्हा आत्ताच करून घ्या.

पालेर्मोवर मी तासभर बोलू शकतो, इथे दोनच गोष्टी. पहिली, कपेला पालातिना हे राजवाड्यातलं प्रार्थनागृह. ते बांधवणारा नॉर्मन राजा दुसरा रॉजर, ११३० मध्ये राजपदावर आला. प्रार्थनागृहाच्या भिंतींवर बायझंटाईन कारागिरांचं सोनेरी मोझेक. वर बघा तर लाकडी छत सगळं अरबी धाटणीचं, मधाच्या पोळ्यासारखे कोनाडे, त्यांत वादक, बुद्धिबळ खेळणारे, उंट, आणि कडेने कुफी लिपीतली अरबी अक्षरं. ख्रिस्ती राजाच्या देवघरात! याच राजाच्या दरबारात अल-इद्रिसीने ११५४ मध्ये जगाचा नकाशा पुरा केला. दुर्बीण असेल तर न्या, छत फार उंचावर आहे. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत.

दुसरी गोष्ट झीसा नावाच्या वाड्यात आहे आणि तिथे फारसं कोणी जात नाही. बाराव्या शतकाच्या मध्यावरचा एक थडग्याचा दगड. ग्रिसांतो नावाच्या पाद्र्याने आई अॅनासाठी बसवलेला. जवळजवळ तोच मजकूर चार प्रकारे कोरलाय: लॅटिन, ग्रीक, अरबी, आणि हिब्रू अक्षरांत लिहिलेली अरबी. सालही ज्याच्या त्याच्या कालगणनेत. पोराने आईची आठवण गावातल्या प्रत्येकाला वाचता यावी एवढी काळजी घेतली. तो दगड बघून बाहेर आलो तेव्हा आमच्या सौ. म्हणाल्या, ‘आता चर्च नको, खायला चल.’ बरोबरच होतं.

खाण्याचं सांगतो, कारण पहिला प्रश्न तोच येतो. शाकाहारी माणूस या पट्ट्यात उपाशी राहत नाही. पालेर्मोच्या बाल्लारो बाजारात ‘पानेल्ले’ मिळतात. चण्याचं पीठ पाण्यात शिजवून थापायचं, कापायचं, तळायचं आणि पावात घालायचं. आपली पाटवडी तळून पावात घातली की झालं, फक्त हिरवी मिरची तेवढी पर्समधून काढावी लागते. वांग्याची आंबटगोड कापोनाता, वांग्याचाच पास्ता ‘अल्ला नोर्मा’, नाश्त्याला बदामाचा ग्रानिता आणि त्याबरोबर ब्रिओश. नेपल्सचा मरिनारा पिझ्झा तर बिनचीजचा, नुसता टोमॅटो, लसूण, ओरेगानो. मात्र सावध: पालेर्मोचं स्फिंचोने हा जाड पिझ्झा दिसतो साधा, त्यात अँकोव्ही मासा असतो. बटरवाल्या अरांचिनात, म्हणजे भाताच्या तळलेल्या गोळ्यात, बहुतेकदा हॅम असतं. कट्टर शाकाहारी असाल तर पार्मेजानोही नको, त्यात वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात.

सिराक्यूजला शेवटी थकून जायचं आणि ओर्तिजिया बेटावर राहायचं. पालेर्मोहून बसने साडेतीन तासांच्या आसपास. तिथलं मुख्य चर्च म्हणजे ग्रीक देवी अथीनाचं ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकातलं देऊळ आहे. पाडलं नाही, खांबांमधल्या मोकळ्या जागा भिंतीने भरून काढल्या. बाजूच्या गल्लीत गेलात की भिंतीतून जाडजूड डोरिक खांब फुगून बाहेर आलेले दिसतात, हात लावता येतो. पुढची बरोक दर्शनी बाजू १६९३ च्या भूकंपानंतरची. आर्किमिडीज याच गावचा, ख्रिस्तपूर्व २१२ मध्ये रोमनांनी गाव घेतलं तेव्हा मारला गेला. मे महिन्यात जायचं आणखी एक कारण इथे आहे: ग्रीक नाट्यगृहात याच सुमाराला प्राचीन ग्रीक नाटकांचा मोसम सुरू होतो. प्रयोग इटालियनमध्ये, संध्याकाळच्या उजेडात, दगडी पायऱ्यांवर बसून. भाषा कळली नाही तरी मी हललो नाही. उशी मात्र न्या.

व्हिसाचं थोडक्यात. सगळे मुक्काम इटलीतच, त्यामुळे अर्ज कुठल्या देशाकडे करायचा हा घोळ राहत नाही. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, आणि मे महिन्यासाठी अपॉइंटमेंट मिळायची मारामार असते, म्हणून डिसेंबर-जानेवारीतच सुरुवात करा. मोठ्यांना फी ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५. विमा किमान ३०,००० युरोंचा. इटलीत रेल्वेचे संप होतात, पण तारखा आधी जाहीर होतात. त्या बघून मगच बोटीचं तिकीट पक्कं करा.

‘आणि रोम?’ हे विचारल्याशिवाय कोणी राहत नाही. रोमला स्वतंत्र आठवडा द्या, पुन्हा कधीतरी. येता-जाता दीड दिवस रोम करणाऱ्यांना कलोसियमची रांग तेवढी दिसते.

बहिणीने सँटोरिनी आणि नीस खोडलं, बार्सिलोनावरही काट मारली. अथेन्स तिला सोडवत नाहीये. म्हटलं, मग सिराक्यूज काढ आणि अथेन्सला चार रात्री राहा, पण मधे तिसरं काही घुसवू नकोस. काल रात्री पुन्हा मेसेज आला, ‘दादा, अथेन्सहून सँटोरिनी तर पाऊण तासावरच आहे ना?’