एका ‘स’ची परवानगी

आमच्या एका छोट्या सेवेला कुबरनेटिस या कंटेनर चालवणाऱ्या प्रणालीतल्या पॉडची, म्हणजे कंटेनरांच्या गठ्ठ्यांची, यादी वाचता यावी, एवढीच परवानगी मला द्यायची होती. यामल ही सेटिंग्जची फाइल लिहून हे काम पाच मिनिटांत झाले असते. परंतु यामलमध्ये एखादी मोकळी जागा इकडची तिकडे झाली की अख्खा दिवस जातो, हा अनुभव गाठीशी असल्यामुळे मी गो भाषेतल्या क्लायंट-गो या टाइप्ड लायब्ररीचा आश्रय घेतला. टाइप्ड म्हणजे चुकलो तर कोड तपासून बांधणारा कंपायलरच कान धरील, असा माझा समज होता.

सुरुवातीला त्याने तो धरलाही. रोलच्या, म्हणजे परवानग्यांच्या यादीच्या, जागी अख्ख्या क्लस्टरच्या पातळीवरचा क्लस्टररोल दिला, तर तो ओरडला. जुन्या उदाहरणातून उतरवलेल्या ओळीत कॉन्टेक्स्ट (काम कधी थांबवायचे ते सांगणारा घटक) नव्हता, जो क्लायंट-गोच्या 2020 मधल्या 0.18 आवृत्तीपासून द्यावाच लागतो, तर तो पुन्हा ओरडला. शेवटी तो गप्प झाला, तेव्हा मी निर्धास्तपणे चहाला गेलो.

परत येऊन पाहतो तर लॉगमध्ये 403 हा नकाराचा कोड. एपीआय ग्रुप “” मधील ‘पॉड्स’ची यादी करण्यास या सर्व्हिस अकाउंटला, म्हणजे आमच्या सेवेच्या खात्याला, मनाई आहे, असा त्याचा मथितार्थ होता. ग्रुपपुढची अवतरणचिन्हे रिकामी दिसल्यामुळे गोम तिथेच आहे असे मला वाटले. पॉड ज्या मूळ ग्रुपमध्ये मोडतात त्याचे नावच मुळी रिकामी स्ट्रिंग आहे, हे कळेपर्यंत मी तिथे तीन निरनिराळी नावे भरून पाहिली होती आणि कंपायलरने ती निमूटपणे गिळली होती. मग संशय खात्याला रोल जोडून देणाऱ्या बाइंडिंगवर गेला. आपला रोल सोडून ‘व्ह्यू’ हा तयार क्लस्टररोल त्याला जोडू म्हटले, तर रोलरेफ, म्हणजे बाइंडिंगमधला रोलचा उल्लेख, बदलता येत नाही, आधीचे बाइंडिंग पाडा आणि नवे बांधा, असा सर्व्हरचा नियम निघाला. पाडण्यापूर्वी रोल एकदा वाचावा म्हणून उघडला, आणि तिथे मी ‘पॉड्स’ऐवजी ‘पॉड’ लिहिलेले सापडले.

आपल्याकडे एक पेन, दहा पेन. तसेच एक पॉड, दहा पॉड. कंपायलरला त्या खान्यात स्ट्रिंगची यादी हवी होती आणि ‘पॉड’ ही स्ट्रिंग होती. ‘पोहे’ लिहिले असते तरी त्याची ना नव्हती. सर्व्हरही बोलला नाही, कारण उद्या कोण कसली नवी रिसोर्स आणील हे त्याला ठाऊक नसते, त्यामुळे तो कोणतेही नाव स्वीकारतो. थोडक्यात, मूळ ग्रुपमध्ये ‘पॉड’ नावाची एखादी वस्तू कधीकाळी अवतरलीच असती, तर तिची यादी वाचण्याचा अधिकार आमच्या सेवेकडे आगाऊच होता.

‘स’ लावला आणि यादी आली. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरून सहकारी म्हणाली, “आता लॉगही वाचता येऊ देत ना.” मी या वेळी आठवणीने अनेकवचन करून ‘पॉड्स/लॉग्स’ लिहिले. कंपायलर गप्प बसला, सर्व्हरनेही हरकत घेतली नाही, आणि मी चहाला गेलो. परत आलो तेव्हा 403 वाट पाहत होता, आणि त्यातला ‘लॉग’ एकवचनी होता.