कारण सापडेपर्यंत मुलानं थांबायचं का?

गेल्या महिन्यात वाचताना अडखळणाऱ्या एका चौथीतल्या मुलाचे आईवडील त्याला घेऊन माझ्याकडे आले. सोबत जाडजूड फाइल. बुद्ध्यांक चाचणी, डोळ्यांची तपासणी, कानांची तपासणी, नजरेच्या व्यायामाचे तक्ते, रंगीत काचांच्या चष्म्याची पावती, कसल्याशा तेलाच्या कॅप्सूल. दोन वर्षं त्यात गेली होती. मी विचारलं, "या दोन वर्षांत याला जोडाक्षरं कुणी शिकवली?" दोघं एकमेकांकडे बघायला लागले. मग वडील म्हणाले, "बाई, म्हटलं आधी नेमकं कारण तरी कळू दे, मग शिकवायचं बघू."

हे वाक्य डोक्यातून जात नाहीये, म्हणून ही पोस्ट. लांबणार आहे, आधीच सांगते.

डिस्लेक्सियाच्या, म्हणजे वाचायला-लिहायला शिकण्यातल्या या अडचणीच्या, कारणांचा शोध सव्वाशे वर्षांहून जास्त काळ चालू आहे. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या डॉक्टरांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाबद्दल लिहिलं. मुलगा चुणचुणीत, गणितात ठीक, खेळात कुणाच्या मागे नाही. फक्त वाचता येत नव्हतं. त्याने स्वतःचं नाव ‘पर्सी’ऐवजी ‘प्रेसी’ असं लिहिलं आणि एकाहून जास्त वेळा लक्ष वेधेपर्यंत त्याला चूक दिसली नाही. (रफाराचा रकार झाला म्हणा. माझ्याकडच्या वह्यांमध्ये हा पर्सी मला वर्षातून चारदा तरी भेटतो.) त्याच्या शिक्षकांचं मत होतं की सगळं शिक्षण तोंडी असतं, तर हा शाळेत पहिला आला असता. मॉर्गननी याला जन्मजात ‘शब्दांधत्व’ म्हटलं. दोष बघण्याशी निगडित आहे असा समज तिथून जो पक्का झाला, तो आजही त्या चष्म्याच्या पावतीत दिसतो.

पुढे १९२५ च्या सुमारास अमेरिकेत सॅम्युअल ऑर्टन यांनी मांडलं की मेंदूच्या दोन अर्धांपैकी एकाचा वरचष्मा नीट ठरत नाही, म्हणून अक्षरांच्या उलट-सुलट प्रतिमा तयार होतात. हे चुकीचं निघालं. गंमत अशी की याच चुकीच्या सिद्धांताच्या सावलीत ॲना गिलिंगहॅम आणि बेसी स्टिलमन यांनी शिकवण्याची एक पद्धत बांधली: एकेक आवाज, त्याचं अक्षर, सोप्याकडून अवघडाकडे, काहीही गृहीत न धरता. सिद्धांत गेला, पद्धत राहिली. तिच्यातही सगळं सोनं नाही. वाळूत गिरवणं, हवेत अक्षर काढणं यांचा वेगळा फायदा नीट सिद्ध झालेला नाही, आणि २०२१ मध्ये त्या पद्धतीवरचे अभ्यास एकत्र तपासले तेव्हा परिणाम अपेक्षेइतका ठाम निघाला नाही. पण आवाज आणि अक्षर यांचं नातं उघड करून, क्रमाने शिकवणं हा तिचा गाभा मात्र वेगवेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा खरा ठरला आहे.

उलट्या अक्षरांचं भूत १९७० च्या दशकात फ्रँक व्हेलुटिनो यांनी उतरवलं. वाचता न येणाऱ्या आणि चांगलं वाचणाऱ्या, दोन्ही मुलांना त्यांनी हिब्रू शब्द दाखवले आणि आठवून काढायला सांगितले. हिब्रू दोन्ही गटांना अनोळखी. दोन्ही गट सारखेच. डोळ्यांना अक्षर उलटं दिसत असतं तर हिब्रूही उलटं दिसलं असतं! मुलाला ‘घ’ आणि ‘ध’ वेगळे दिसतात. कोणत्या आकाराला कोणता आवाज, हे त्याच्या मनात घट्ट बसत नाही. आणि अक्षरं उलटी तर शिकायला लागलेली बहुतेक सगळीच मुलं काढतात.

आज बहुतेक संशोधक मुळाशी आवाजांची जाण कच्ची असणं मानतात. माझी साधी परीक्षा सांगते. ‘साज’मधला पहिला आवाज काढला तर काय उरेल? तुम्ही ‘आज’ म्हणाल. माझ्याकडची बरीच मुलं म्हणतात ‘ज’. त्यांच्यासाठी ‘सा’ हा एकच अखंड दगड असतो, त्यात ‘स्’ आणि ‘आ’ अशी फट त्यांना ऐकूच येत नाही. आपली लिपी त्यांना सुरुवातीला सांभाळून घेते, कारण ‘कमळ’ वाचायला ही फट लागत नाही. काना, वेलांटी, रफार, जोडाक्षर आलं की गाडी रुळावरून घसरते. त्यात ऱ्हस्व वेलांटी लिहायची आधी, उच्चारायची नंतर. रफार उच्चारायचा आधी, चढवायचा पुढच्याच्या डोक्यावर. मुलाला मूर्ख ठरवण्याआधी आपण मोठ्यांनी एकदा ‘आर्द्र’ या शब्दाकडे नीट बघावं.

"आपली भाषा जशी बोलतो तशीच लिहितो, मग डिस्लेक्सिया कसा?" हा प्रश्न मला शिक्षकही विचारतात. इटालियनही जवळपास बोलतात तशीच लिहितात. २००१ मध्ये इटालियन, फ्रेंच आणि इंग्रजी वाचणाऱ्या डिस्लेक्सिक प्रौढांच्या मेंदूची तुलना झाली. वाचताना डाव्या बाजूच्या त्याच भागात तिन्ही गटांत काम कमी दिसलं, पण इटालियन मंडळी वाचण्यात बरीच अचूक होती. जर्मन मुलांमध्येही असंच आढळलं: वाचतात बरोबर, पण मुंगीच्या पावलांनी. सरळ लिपीत डिस्लेक्सिया वेगात लपतो. म्हणून ‘बरोबर वाचतो, फक्त जरा सावकाश’ हे ऐकलं की मी कान टवकारते.

आता कारणाबद्दल. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे यात शंका नाही. आई किंवा वडिलांना ही अडचण असेल तर मुलाला ती असण्याची शक्यता कितीतरी वाढते. पण २०२२ मध्ये पन्नास हजारांहून अधिक डिस्लेक्सिक लोकांच्या जनुकांचा अभ्यास झाला, तेव्हा संबंध सापडला तो जनुकसंचातल्या ४२ ठिकाणांशी, आणि प्रत्येकाचा वाटा चिमूटभर. उद्या एका तपासणीत ‘हे बघा कारण’ असं कुणी बोट ठेवून दाखवेल, ही आशा सोडलेली बरी.

त्यातही कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हा गुंता वेगळाच. १९७९ मध्ये पोर्तुगालमधल्या, कधीच शाळेत न गेलेल्या प्रौढांना शब्दातला पहिला आवाज काढायला सांगितलं. बहुतेकांना जमलं नाही. म्हणजे आवाजांची फट ऐकू येणं हे काही अंशी वाचायला शिकल्यानेच येतं. २०१३ च्या एका अभ्यासात, हलत्या वस्तू टिपणाऱ्या मेंदूच्या भागातली कमतरता डिस्लेक्सिक मुलांना वाचन शिकवल्यावर भरून येताना दिसली. म्हणजे ज्याला वर्षानुवर्षं कारण मानलं, ते कमी वाचल्याचं फळ निघालं. मला संशोधनातली ही गोष्ट सगळ्यात भिडली. शिकवणं पुढे ढकललं की मूल कमी वाचतं, कमी वाचल्याने मेंदूत जे दिसतं त्याला आपण दोष म्हणतो, आणि मग त्या दोषाचा शोध घेत शिकवणं आणखी पुढे ढकलतो.

बुद्ध्यांकाचंही तेच. कितीतरी वर्षं नियम असा, की बुद्धी चांगली आणि वाचन कच्चं असेल तरच डिस्लेक्सिया. बुद्ध्यांक बेताचा आला की ‘याची कुवतच तेवढी’ म्हणून विषय बंद. नंतर दिसलं की दोन्ही प्रकारच्या मुलांना आवाजांचीच अडचण असते आणि २०११ च्या एका अभ्यासात त्यांच्या मेंदूतला नमुनाही सारखाच आढळला. ‘हुशार आहे हो, पण…’ हे वाक्य आपल्या लाडक्याचा बचाव म्हणून आपण वापरतो, तेव्हा जो हुशार ठरला नाही त्याला आपण रांगेतून बाहेर काढत असतो. माझं हे मत काही पालकांना आवडत नाही, ठीक आहे.

मी स्वतः धुतल्या तांदळासारखी नाही. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत एका आईला मी म्हटलं होतं, "वाट बघा, येईल आपोआप." ती मुलगी शांत, नीटनेटकी, गोष्टी पाठ करून पुस्तक समोर धरून म्हणायची. मला वाटलं वाचतेय. दंगा करणारी मुलं आमच्या नजरेत येतात, गप्प बसणाऱ्या मुली राहून जातात. तिसरीच्या अखेरीस अनोळखी उतारा दिला तेव्हा कळलं. आपोआप आलं नव्हतं. बोलणं आपोआप येतं, कारण माणूस लाखभर वर्षं तरी बोलतोय. लिपी जेमतेम पाच हजार वर्षांची. ती प्रत्येक मेंदूला शिकवावीच लागते, काहींना थोडक्यात भागतं, काहींना कण न् कण.

चाचणी करू नका असं मी म्हणत नाही. कान-डोळे तपासायलाच हवेत, आणि परीक्षेत जास्त वेळ मिळायला प्रमाणपत्र लागतं. मात्र चाचणीच्या रांगेत उभं असताना रोज अर्धा तास शिकवायला कुणाची परवानगी लागत नाही. त्या शिकवण्याने डिस्लेक्सिया नसलेल्या मुलाचंही काही बिघडत नाही. शिवाय पहिलीत जे काही महिन्यांत सावरतं, त्याला चौथीत वर्षं लागतात, आणि तोवर मुलाने स्वतःबद्दलचं मत बनवलेलं असतं.

तर, तो फाइलवाला मुलगा. पहिल्या दिवशी ‘पुस्तक’ दिलं, त्याने ‘पुतक’ वाचलं. मी ठोकळे काढले. आधी नुसतं ऐकायचं: ‘पुस्’ म्हण. आता ‘तक’ म्हण. मधे किती आवाज चिकटले? त्याने दोन बोटं वर केली. मग ‘स्’चा ठोकळा, ‘त’चा ठोकळा, जोडले, वाचले, लिहिले. मग रस्ता, सुस्त, मस्त, स्वस्त. ‘स्वस्त’वर अडला, कारण तिथे दोन जोड्या. त्या दिवशी पाच शब्दांवर थांबलो. दुसऱ्या दिवशी तेच पाच पुन्हा, सहावा नवा. हे फार कंटाळवाणं काम आहे, व्हिडिओ करण्यासारखं यात काही नाही.

आता महिना झाला. ‘स्त’ बसलाय. वेग अजून कासवाचा आहे, आणि ‘गोष्ट’ वाचताना तो अजून ‘गोट’ म्हणतो. सोमवारपासून ‘ष्ट’ घेतेय. वडिलांना सांगितलंय, फाइल घरी ठेवा, येताना वही आणा.