खुलासा: आठ तासांची पाळी फोर्डची देणगी नाही
‘आठ तासांची पाळी हेन्री फोर्डने दिली, त्यात युनियन किंवा कायद्याचा वाटा नाही’ हा मेसेज फिरतोय. तो चूक आहे.

फोर्डने १९१४ मध्ये पाळी नऊवरून आठ तासांवर आणली, हे खरं. कारण त्याच्या मोटार कारखान्यात सरकत्या पट्ट्यावरच्या कंटाळवाण्या कामावर माणसं टिकतच नव्हती. पण मेलबर्नच्या पाथरवटांनी १८५६ सालीच काम थांबवून, पगार न कापता आठ तास मिळवले होते. आपल्याकडे कारखाना कायद्यातली रोजची मर्यादा १९२२ मध्ये ११ तास, १९३४ मध्ये १०, १९४६ मध्ये ९ अशी उतरत गेली. मुंबईच्या गिरण्यांतली रविवारची सुट्टी १८९० ची, नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगार एकवटल्यावर मिळालेली.

हक्काला मालकाची कृपा समजलं, की कायदा सैल होताना कुणी हरकतही घेत नाही. म्हणून मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर ही दुरुस्ती टाका.