वर्षाचे अल्बम आणि रात्रीचे ओलीत : एका फिरत्या मजकुराचा प्रतिवाद

डिसेंबर लागला की व्हॉट्सॲपच्या गटांमधून एक मजकूर फिरू लागतो. त्याचे शब्द दरवर्षी थोडे बदलतात, आशय मात्र तोच राहतो. अल्बम ही एका चांगल्या गाण्यासोबत नऊ भरतीची गाणी खपवण्यासाठी कंपन्यांनी काढलेली युक्ती होती. आता गाणी सुटी मिळतात, त्यामुळे पूर्ण अल्बम कोणीच ऐकत नाही. वर्षभरात आपण काय ऐकले याचा हिशेब गाणी ऐकण्याचे ॲप स्वतःच देते, म्हणून ‘माझे या वर्षीचे आवडते अल्बम’ अशी वेगळी यादी करणे हा दिखावा आहे. आणि तोही शहरातल्या रिकामटेकड्यांचा, कारण खेड्यात राबणाऱ्या माणसाला परक्या भाषेतली गाणी तासभर ऐकण्याची सवड नसते, असे त्यात म्हटलेले असते. मी वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात शेती करतो, खरिपात कापूस आणि रब्बीत हरभरा घेतो, आणि अशी यादी दरवर्षी करतो. तेव्हा या मजकुराला उत्तर देण्याचा थोडाफार अधिकार मला आहे असे मी समजतो. उदाहरणे २०२४ च्या यादीतली घेतो.

पहिला आक्षेप अर्धा खरा आहे. कॅसेटच्या काळात एका गाजलेल्या गाण्यासाठी दोन्ही बाजू विकत घ्याव्या लागत आणि उरलेली बरीचशी गाणी पुढे ढकलण्याच्याच लायकीची असत, हे त्या काळात वाढलेला कोणीही नाकारणार नाही. परंतु त्यावरून सुटे गाणे हेच संगीताचे मूळ रूप आणि अल्बम ही मागाहून लादलेली वस्तू, असे अनुमान काढणे इतिहासाला धरून नाही. सुटे गाणेही यंत्राच्या मर्यादेतूनच घडले. ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटेच मावत; अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्या गवयालाही आपली ठुमरी तेवढ्यात आटोपावी लागे. (त्या तीन मिनिटांचेही त्यांनी सोने केले, ही गोष्ट वेगळी.) १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने अमेरिकेत मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी दीर्घ तबकडी आणली, एका बाजूला वीस-बावीस मिनिटे मिळू लागली, आणि पुढे आपल्या रागसंगीतालाही रेकॉर्डवर ऐसपैस बसायला जागा झाली. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा यांचा १९६७ चा ‘कॉल ऑफ द व्हॅली’ याच जागेतून निघाला. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस त्यात संतूर, बासरी आणि गिटार यांनी उभा केला आहे, आणि रागांचा क्रमही त्या दिवसाच्या प्रहरांना धरून आहे: सुरुवात अहीर भैरवाने, शेवट पहाडीने. यातला भूप उचलून पहिल्या जागी ठेवला तर वाजवणाऱ्यांचे काही बिघडणार नाही, पण दिवस मोडेल. हा अल्बम भरतीची गाणी खपवण्यासाठी निघाला, असे म्हणण्याचे धाडस मजकूर लिहिणाऱ्या गृहस्थांनीही करू नये.

पूर्ण अल्बम आता कोणीच ऐकत नाही, हा दुसरा दावा आकड्यांचा आधार घेऊन केला जातो, म्हणून आकड्यांकडेच पाहू. अमेरिकेत २०२२ मध्ये ध्वनितबकड्यांचा खप नगांच्या हिशेबाने सीडीपेक्षा अधिक झाला, आणि असे १९८७ नंतर प्रथमच घडले. तबकडीवरचे एकेक गाणे वगळायचे तर उठून सुई उचलावी लागते. असला खटाटोप पैसे मोजून विकत घेणारा माणूस सुट्या गाण्यांचा गिऱ्हाईक नव्हे. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये ॲडेल या गायिकेचा ‘थर्टी’ आला, तेव्हा तिच्या विनंतीवरून स्पॉटिफाय या गाण्यांच्या ॲपने अल्बमच्या पानावरचे गाणी पिसून वाजवणारे मुख्य बटण काढले आणि गाणी ठरलेल्या क्रमाने वाजू लागली. २०२४ मध्ये अमेरिकन गायिका बिली आयलिशने ‘हिट मी हार्ड अँड सॉफ्ट’ काढताना आधी एकही गाणे सुटे दिले नाही. दहाच्या दहा गाणी १७ मे रोजी एकदम ऐकायला मिळाली. आणि ‘द क्युअर’ या ब्रिटिश बँडने सोळा वर्षांच्या खंडानंतर त्याच वर्षी काढलेला ‘साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला, ज्यात पहिल्याच गाण्यात गायकाचा आवाज यायला तीन मिनिटांहून अधिक काळ लागतो. तेवढ्यात जुन्या तबकडीची एक बाजू संपून जाई.

मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे, कारण ती माझ्या बाजूची नाही. अमेरिकेतल्या अल्बमच्या क्रमवारीत २०१८ पासून २०२५ पर्यंत पैसे भरणाऱ्या श्रोत्यांनी १,२५० वेळा किंवा फुकट ऐकणाऱ्यांनी ३,७५० वेळा त्यातली गाणी वाजवली की एक अल्बम विकला गेला असे धरत असत. एकच गाणे हजारो वेळा वाजले तरी अल्बम वर चढतो. म्हणजे अल्बम खपला या आकड्यावरून तो पूर्ण ऐकला गेला हे सिद्ध होत नाही. आणि त्याच न्यायाने सुटी गाणी अधिक वाजली यावरून अल्बम कोणी ऐकत नाही हेही सिद्ध होत नाही. ‘कोणीच’ हा शब्द त्या मजकुरात पुराव्याशिवाय बसवलेला आहे.

ॲपच यादी देते, मग वेगळी कशाला, हा तिसरा मुद्दा वरवर सर्वांत बिनतोड वाटतो आणि प्रत्यक्षात सर्वांत कच्चा आहे. स्पॉटिफायवर गाणे तीस सेकंद वाजले की ते ऐकले गेले असे धरतात. हात चिखलात असताना नको असलेले गाणे तीस सेकंदांत बंद करणे दरवेळी जमतेच असे नाही. शिवाय ॲपचा वार्षिक हिशेब २०२४ मध्ये ४ डिसेंबरलाच लोकांच्या हाती पडला, म्हणजे वर्षाचे शेवटचे आठवडे त्यात नव्हतेच. आणि १ नोव्हेंबरला आलेला ‘द क्युअर’चा अल्बम जानेवारीतल्या अल्बमशी त्या मोजणीत बरोबरी करणार तरी कसा? त्याहून मोठी अडचण अशी की ॲप वाजवण्याच्या वेळा मोजते, आवड मोजत नाही. माझ्या त्या वर्षीच्या हिशेबात अमेरिकन गायिका बियॉन्सेचा ‘काउबॉय कार्टर’ सर्वांत वर होता. तो सत्तावीस तुकड्यांचा आहे, सव्वा तासाहून मोठा आहे, आणि मला तो पुरता उमगत नव्हता, म्हणून मी त्याच्याकडे वारंवार परत गेलो. ज्येष्ठ गायक विली नेल्सन यांना रेडिओचा निवेदक करून सगळा अल्बम एखाद्या रेडिओ केंद्रासारखा बांधण्याची कल्पना मोठी आहे, परंतु उत्तरार्धात ती विस्कटते असे माझे मत झाले आणि माझ्या यादीत तो आला नाही. २ फेब्रुवारी २०२५ रोजी त्याला वर्षातील सर्वोत्तम अल्बमचे ग्रॅमी हे अमेरिकेतले संगीताचे पारितोषिक मिळाले, म्हणून मी मत बदललेले नाही. न उमगल्यामुळे वारंवार ऐकणे आणि आवडल्यामुळे वारंवार ऐकणे यांत यंत्राला फरक दिसत नाही. यादी करणाऱ्याला तो दाखवावाच लागतो.

यात आमच्याकडची आणखी एक बाब आहे. गावात बरेचसे ऐकणे ॲपवर होतच नाही. तालुक्याच्या मोबाइल दुकानातून मेमरी कार्ड भरून आणायचे आणि ते स्पीकरला लावायचे, ही पद्धत अजून पुरती गेलेली नाही. ती कायद्याला धरून नाही हे मान्य, पण ते ऐकणे कोणत्याही कंपनीच्या वार्षिक हिशेबात येत नाही, आणि त्या हिशेबावरून ‘लोक काय ऐकतात’ हे सांगणारे या लोकांना सरळ वजा करून मोकळे होतात.

आता खेड्याच्या मुद्द्याकडे येतो. येथे मला अधिक लिहायचे आहे, कारण त्या मजकुरातले सर्वांत मोठे अज्ञान याच वाक्यात आहे.

सवड नाही, असे म्हटले आहे. कृषिपंपाला वीज पाळीने मिळते आणि रात्रीची पाळी आली की हरभऱ्याला ओलीत करायला रात्रीच शेतात जावे लागते. तुषार संचाचे पाईप एका जागी लावले की पुढच्या जागी हलवेपर्यंत जो वेळ असतो, त्यात झोपता येत नाही आणि दुसरे कामही होत नाही. वेचणीनंतर कापसाची गाडी जिनिंगच्या फाटकाबाहेर रांगेत लागली की तेथेही तीच स्थिती असते. ‘साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड’मध्ये आठ गाणी आहेत आणि तो पन्नास मिनिटांच्या आत संपतो, ‘हिट मी हार्ड अँड सॉफ्ट’ तर पाऊण तासाचाही नाही. शहरातल्या नोकरदाराला सलग इतका वेळ मिळतो की नाही हे मला सांगता येणार नाही; आम्हाला तो नको असतानाही मिळतो. एक कान मात्र रानडुकरांची आणि रोह्यांची (नीलगायींची) चाहूल घेण्यासाठी मोकळा ठेवावा लागतो, त्यामुळे दोन कानांसाठी बांधलेल्या ध्वनिमुद्रणावर माझ्याकडून थोडा अन्याय होतो, हे कबूल आहे.

दुसरे असे की शेतात रेंज धड नसते. ज्याला अखंड इंटरनेट आहे, त्याला ॲप एकामागून एक गाणे आपल्या मनाने वाढत राहते आणि तो त्या धारेत वाहत जातो. ज्याला ते नाही, त्याला आर्वीच्या बसस्थानकावर उभे असतानाच रात्री काय ऐकायचे हे ठरवून, पूर्ण उतरवून घेऊन निघावे लागते. उतरवून घ्यायचे तर पाच ठिकाणची पाच गाणी शोधत बसण्यापेक्षा एक अल्बम घेणे सोपे पडते, आणि एकदा घेतला की रात्रभर तोच असतो. नाही आवडला तरी तोच. नावडता अल्बमही शेवटपर्यंत ऐकण्याची शिस्त मला कोणत्या रसिकतेने नव्हे, तर या मोबाइल टॉवरने लावली आहे. अल्बम मोडीत काढणारी परिस्थिती म्हणून जी सांगितली जाते, ती अखंड जोडणीची परिस्थिती आहे, आणि ती आमच्या शिवारात अजून पोहोचायची आहे.

तिसरी गोष्ट क्रमाची. मोठा वेळ, ठरलेल्या क्रमाने, मधून न उठता ऐकणे ही शहराकडून आलेली हौस आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी आमच्याकडच्या सप्ताहात एक रात्र बसून पाहावे. रूपाचा अभंग आधी, गौळण मागाहून, भैरवी त्याच्याही नंतर आणि पसायदान शेवटी, हे भजनी मंडळातल्या सर्वांत लहान टाळकऱ्यालाही ठाऊक असते. कोणी पसायदान मध्येच उरकून गौळण धरली, तर मृदंगवाल्याचा हातच थांबेल. वर्धा नदीपलीकडे अमरावती जिल्ह्यात तुकडोजी महाराजांचे मोझरीचे गुरुकुंज आहे. त्यांच्या परंपरेतल्या खंजेरी भजनांच्या रात्री, आंबेडकर जयंतीला रंगणारा भीमगीतांचा आणि कव्वालीचा दुय्यम, म्हणजे दोन पार्ट्यांमधला, सामना, आणि पूर्व विदर्भात दिवाळीनंतर सुरू होणारी झाडीपट्टीची रात्रभर चालणारी नाटके, हे सगळे तीन मिनिटांच्या श्रोत्यांसाठी नाही. दुय्यम सामन्यात तर समोरच्या पार्टीने काय गायले हे लक्षात ठेवल्याशिवाय पुढच्या गाण्यातले उत्तर कळतच नाही. ज्या मुलखात गाणे असे ऐकले जाते, तेथल्या माणसाला आठ गाण्यांचा अल्बम क्रमाने ऐकायला वेगळे शिक्षण लागत नाही.

परकी भाषा हा आक्षेप मी थोडक्यात सोडतो. रात्री ओलिताला मी सर्वाधिक आवडीने ऐकलेला २०२४ चा अल्बम म्हणजे लाहोरमध्ये वाढलेल्या आणि न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या गायिका अरूज आफताब यांचा ‘नाइट रेन’ (Night Reign, पावसाचा ‘रेन’ नव्हे). त्यातल्या ‘ना गुल’ या गाण्याचे शब्द माहलका बाई चंदा (१७६८–१८२४) यांचे आहेत. त्या हैदराबादच्या दरबारातल्या कवयित्री होत्या. आणि १८०३ च्या देवगावच्या तहानंतर वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड निजामाकडेच गेला होता, म्हणजे माझ्या शेतापासून नदी ओलांडली की त्यांच्याच राज्याची हद्द लागत होती. उर्दू मला पूर्ण समजते असे नाही. पण ‘ब्रुकलिनची (न्यूयॉर्कच्या एका भागाची) गाणी’ म्हणून ज्यांची संभावना होते, त्यांतली काही इतकी जवळची असतात.

राहिला दिखाव्याचा आरोप. माझी यादी मी दोघा-तिघांना पाठवतो. २०२४ ची अशी होती: पहिला ‘नाइट रेन’, कारण त्याचा वेग रात्रीच्या वेगाशी जुळतो आणि एकही गाणे दुसऱ्याच्या आधी घाईने संपत नाही, दुसरा ‘साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड’, त्यातल्या, बँडचा गायक रॉबर्ट स्मिथने आपल्या भावाच्या मृत्यूवर लिहिलेल्या गाण्यामुळे आणि दहा मिनिटांहून लांब अशा शेवटच्या गाण्यामुळे, तिसरा ‘हिट मी हार्ड अँड सॉफ्ट’, चौथा दिल्लीच्या पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी या बँडचा ‘बीटा’, जो कोठे कोठे उगाच लांबतो पण गायकाच्या आवाजासाठी ठेवला. पुण्याला शिकणाऱ्या पुतण्याने ती यादी वाचून दुसऱ्याच दिवशी उलट कळवले, “काका, क्रमच जर एवढा महत्त्वाचा, तर ‘ब्रॅट’ कुठं आहे?” ब्रिटिश गायिका चार्ली एक्ससीएक्स यांच्या २०२४ च्या त्या अल्बमची सुरुवात ‘३६०’ या गाण्याने होते आणि शेवट ‘३६५’ने, आणि हे शेवटचे गाणे म्हणजे पहिलेच गाणे बेभान करून परत आणलेले आहे, मधल्या गाण्यांत ईर्ष्या, मैत्रिणीचा मृत्यू आणि मूल होऊ द्यावे की नाही हा विचार येऊन जातो, म्हणून ते परत येणे साधे राहत नाही, असे त्याचे म्हणणे. एवढा गोंगाट मला शेतात सोसत नाही, असे मी त्याला लिहिले. ती आवड झाली, उत्तर नव्हे, असे त्याने परत लिहिले, आणि ते मला अजून खोडता आलेले नाही.